केसभर आखूड सत्ती

मी एक जुनी किलवर सत्ती आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मित्रांनो, मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक शांतपणे, उसासे टाकत बोलतात. छत्री बोलते, फळा बोलतो, मोडकी खुर्ची बोलते आणि शेवटी सगळे डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका सरळ माणसावर बेइमानीचा आळ आला. मला टेबलावर आडवं पाडून पट्टीने मोजलं. 'खोटं पान' म्हणून हिणवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात.

माझा जन्म चारचौघींसारखाच झाला. जाड गुळगुळीत कागद, पाठीवर निळी जाळी, पोटावर किलवरची सात काळी चिन्हं. पत्त्यांच्या कॅटमध्ये सत्तीला तसं कोण विचारतो? एक्का आला की लोकांचे डोळे चमकतात, राणी आली की मिशीतल्या मिशीत हसतात, आणि सत्ती आली की 'हं' म्हणून कुठेतरी मध्ये खोचतात. मला याचं वाईट वाटायचं. पण नेमक्या याच कारणासाठी माझी निवड झाली.

निवड केली बाइंडरकाकांनी. ते एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना पत्त्यांची जादू दाखवायचे. त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून अगदी सारखे दिसणारे दोन कॅट आणले. एक घरात खेळायला, दुसरा जादूला. मी दुसऱ्यातली. दुपारच्या सुट्टीत बाकीचे लोक डबे उघडून बसले, तेव्हा काकांनी मला दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरलं, कटिंग मशीनच्या पात्याखाली सरकवलं आणि आखूड बाजूने केसभर कापलं. केसभर म्हणजे केसभरच. रागावू नका, पण तुमच्यापैकी कुणी करून बघायला गेलं तर नखाएवढी पट्टी कापून ठेवेल आणि मग विचारेल, जादू का होत नाही?

कापल्यावर माझे दोन कोपरे टोकदार झाले. नवशिके इथेच फसतात. कापतात आणि कोपरे तसेच ठेवतात, मग आंधळ्यालासुद्धा कळतं. काकांनी खिशातून काकूंची नखं घासायची कानस काढली आणि ते कोपरे हळूहळू पुन्हा गोल केले. मग मला कॅटमध्ये घालून कॅट टेबलावर ठोकून सारखा केला, डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला. पानं फर्रर्र करत सुटत गेली आणि माझ्यापाशी येताच टक् असा, कानाला नव्हे तर फक्त अंगठ्याला कळेल असा, बारीकसा झटका बसला. अंगठ्याला एक फट लागली. काका गालातल्या गालात हसले. माझं नशीब त्या फटीत होतं.

आता माझं काम कसं चालतं ते सांगते. समोरच्याने एक पान ओढायचं, बघायचं आणि परत द्यायचं. काका कॅट नेमका माझ्यापाशी उचलायचे आणि ते पान माझ्या अंगावर ठेवायचे. त्यानंतर कॅट कितीही वेळा काटा, वरचे खाली आणि खालचे वर करा, ते पान मला चिकटूनच राहणार. शेवटी काकांचा अंगठा फिरायचा, टक् व्हायचं, काका तिथेच कॅट उचलायचे आणि हवं ते पान समोर यायचं. मुलं किंचाळायची. शाळांच्या संमेलनांत, इस्पितळात मुलांच्या वॉर्डात, शेजाऱ्यांच्या वाढदिवसांना आम्ही हेच केलं. टाळ्या सगळ्या काकांना. माझं नाव कुणी कधी घेतलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. गुपित राखणं हेच माझं काम होतं.

मात्र काही अतिशहाण्यांबद्दल माझी तक्रार आहे. प्रत्येक कार्यक्रमात मागच्या रांगेतून एक तरी जण ओरडायचा, "त्यात काय, पान नकली आहे!" अरे बाबा, मी नकली असेन, तर तो अंगठाही दुकानात मिळतो का? काकांनी तो अंगठा तयार करायला किती दुपारी घालवल्या, ते मला विचारा. बोलत राहायचं, हसत राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि त्याच वेळी खाली अंगठ्याने केसभर फट शोधायची. मी केसभर आखूड आहे. मी जादूची कांडी नाही.

मग एक वाईट दिवस आला. एका शाळेत काकांनी अंगठा फिरवला आणि तो माझ्यावरून सरळ पुढे गेला. टक् झालं होतं. मी माझं काम चोख केलं होतं. काकांनी पुन्हा फिरवला. पुन्हा पुढे गेला. शेवटी त्यांनी पानं पसरली, "अरे, लपून बसलंय वाटतं!" असं काहीतरी म्हणून डोळ्यांनीच मला शोधलं आणि वेळ मारून नेली. मुलं हसली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

असं पुन्हापुन्हा होऊ लागलं. एके दिवशी त्यांनी कॅट खोक्यात घातला आणि खोकं जेवणाच्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या खणात टाकलं. "पुरे आता. वय झालं," असं काकूंना म्हणाले. वय! मित्रांनो, डोक्यावर पांढरा केस शोधून सापडत नव्हता त्यांच्या. पण काकूंनी मान डोलावली आणि मी सुटी बटणं, गंजलेल्या सेफ्टी पिना आणि बंद पडलेलं एक घड्याळ यांच्या शेजारी जाऊन पडले. ते घड्याळ निदान दिवसातून दोनदा बरोबर असायचं. मी काय करणार होते?

माझी सुटका केली सूनबाईने. काकांचा मुलगा फिरतीच्या नोकरीत, आठवडाभर बाहेर. त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिथे येणारी मुलं खुर्ची दिसली की भोकाड पसरायची, आणि त्यांना गप्प करायचं काम तिच्याकडे होतं. कात्री शोधताना तिला खणात आमचं खोकं दिसलं.

"बाबा, हा कॅट असा वेगळा का ठेवलाय?"

काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मग म्हणाले, "खेळायचा नाहीये तो. दे इकडे, दाखवतो."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. ऑइलक्लॉथ घातलेलं जेवणाचं टेबल, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला सूनबाई, मध्ये आम्ही. आणि मित्रांनो, ती पोरगी सुरुवातीला इतकी ढ होती की माझा जीव नकोसा झाला. अंगठ्याने कॅट असा दाबायची जसं काही लिंबू पिळते आहे. पानं टेबलभर उडायची. मी दोनदा फ्रिजखाली गेले.

"दाबू नकोस गं. पानं सोडायची असतात, ढकलायची नसतात," काका म्हणायचे.

"सोडतेच आहे."

"आणि खाली काय बघतेस? पत्त्याकडे बघितलंस की समोरचाही पत्त्याकडेच बघणार. माझ्या तोंडाकडे बघ. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"आज भाजीत मीठ जास्त होतं, ते बोल. कर कबूल."

तिकडून काकूंचा आवाज यायचा, "भाजी मी केली होती!"

एकदा तर सूनबाई वैतागून म्हणाली, "बाबा, हे पानच बिघडलंय. टक् वगैरे काही लागत नाही." पानच बिघडलंय! नाचता येईना अंगण वाकडे. मला हात असते तर मी तिथेच कॅटमधून उठून तिला जाब विचारला असता. पण काकांनी माझी बाजू घेतली. ते म्हणाले, "पान बरोबर आहे. बोट अजून झोपलंय. त्याला रोज उठव." आणि खरोखर ती रोज उठवत राहिली. चहा उकळेपर्यंत, बस येईपर्यंत, नवऱ्याचा फोन चालू असताना. एका दुपारी टक् झालं आणि तिचा अंगठा जिथल्या तिथे थांबला. ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची बाई विचारायला आली. पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात एक मुलगी आपलं पान शोधण्याच्या नादात कधी खुर्चीत बसली, ते तिचं तिलाही कळलं नाही. मला पुन्हा कामाला लावल्याबद्दल मी सूनबाईचे मागचे सगळे गुन्हे माफ केले.

पण शिकता शिकता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. काका सांगायचे सगळं, करून मात्र काहीच दाखवायचे नाहीत. "आता तू कर," एवढंच. एकदा तिने हट्टच धरला. काकांनी कॅट घेतला. अंगठा फिरला आणि माझ्यावरून निघून गेला, पूर्वी जायचा तसाच. मग काकांनी मान तिरकी करून हळूच कडेकडे पाहिलं आणि मला डोळ्यांनी ओळखलं. थोड्या वेळाने काकूंनी चहा आणला. काकांनी स्टीलचा पेला उचलला आणि बोलत बसले. सूनबाईने आपला पेला उचलला आणि चटका बसून लगेच खाली ठेवला.

"बाबा, पेला केवढा तापलाय! तुम्हाला लागत नाही?"

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठा लालभडक झाला होता. त्यांनी पेला ठेवला आणि काकू आत गेल्यावर हळूच म्हणाले, "अंगठा आणि ही दोन बोटं. बधिर झालीत. बऱ्याच महिन्यांपासून."

"डॉक्टरकडे गेलात?"

"नाही. आणि तूही कुणाला सांगायचं नाहीस. शपथ घे. बाइंडरच्या बोटांना कागद कळेनासा झाला, तर त्याला कोण ठेवील कामावर? मशीनवरून काढतील मला."

सूनबाईने शपथ घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पाय नसले तरी. अहो, ज्या मशीनने माझी कड कापली, ते काय फक्त कागदच कापतं? त्या पात्यापुढे हा माणूस रोज बधिर बोटं घेऊन उभा राहत होता आणि वर म्हणत होता, सांगू नकोस! माणसं अब्रू आणि नोकरी सांभाळायला बोटं पणाला लावतात. त्यांना शहाणं कोण म्हणेल?

आता त्या रविवारची गोष्ट. त्या दिवशी सूनबाईचे वडील आले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांचा सगळा जन्म वजनमापं तपासण्यात गेला होता. कुणाचा तराजू हलका, कुणाचं लिटरचं माप पोचे पाडून लहान केलेलं, कुणाच्या कापडाच्या गजाला टोकं झिजवलेली, हे ते बघताक्षणी ओळखायचे. निवृत्त झाले तरी स्टीलची छोटी पट्टी खिशातून गेली नव्हती. लेकीच्या घरी आले तरी पोळीचा व्यास मोजतील की काय, अशी काकूंना धास्ती असायची.

व्याही आले की रमीचा डाव बसायचा. पैशांचा नव्हे, नुसताच. काकूंनी खेळायचा कॅट काढला, तर त्यातली किलवर सत्ती सापडेना. काकूंनाच मग आठवलं. आदल्या आठवड्यात तिच्यावर चहा सांडला होता आणि ती फुगून केराच्या टोपलीत गेली होती. नवा कॅट आणायचा? काकू कुठल्या आणतात! साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणाऱ्या बाई त्या. त्यांनी खण उघडला, जादूचा कॅट काढला, त्यातून मला उचललं आणि खेळाच्या कॅटमध्ये घातलं. "सत्तीला सत्ती. पाठ सारखीच तर आहे," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि पत्ते टेबलावर नेऊन ठेवले. सूनबाई तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

डाव सुरू झाला. अप्पा पिसत होते, काका वाटत होते, काकू आपल्या पानांकडे बघून सुस्कारे सोडत होत्या. मी कुणाच्या हातात जाईन, हे माझ्या हातात नव्हतं. पण त्या दुपारी योगायोग असा की मी सारखी काकांकडेच जात होते. आणि मी गेले की त्यांचा क्रम लागायचा. काका जिंकत राहिले. अप्पांना हरण्याची सवय नव्हती. त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

काकांनी छक्की, सत्ती, अठ्ठी टेबलावर मांडली आणि हसून म्हणाले, "व्याही, आज तुमचं नशीब घरी राहिलं वाटतं."

अप्पांनी ती पानं उचलली. जुनी खोड, दुसरं काय! काहीही हातात आलं की टेबलावर ठोकून कडा जुळवायच्या. त्यांनी ठोकल्या, डोळ्यांसमोर धरल्या आणि थबकले. मग खिशातून पट्टी काढली. मला टेबलावर ठेवलं, शेजारी अठ्ठी ठेवली आणि पट्टी लावली. इतक्या वर्षांत मला कुणी असं उघडं पाडलं नव्हतं, मित्रांनो.

"हे पान आखूड आहे," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी थंड होता. "कापलेलं आहे. कोपरेसुद्धा घासलेत. मापात पाप!"

काकांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

काकू गडबडल्या. "अहो, ती मी घातली! आमची सत्ती खराब झाली होती, म्हणून ह्यांच्या जादूच्या कॅटमधली घेतली."

"घालणारा कुणी का असेना, विहीणबाई," अप्पा म्हणाले. "कापलं कुणी? यांनी. वापरायची कशी, हे ठाऊक कुणाला? यांना. आणि दुपारभर जिंकतंय कोण?"

काकांनी एवढंच म्हणायचं होतं, माझ्या बोटांना ती कळतच नाही. पण ते गप्प बसले. नोकरी जाईल या भीतीने त्या माणसाने चोर म्हणवून घेणं पत्करलं. आणि अप्पा त्या गप्प बसण्याला कबुली समजले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरखंड म्हणून मी! एका पिसल्या-वाटल्या डावात आखूड पान हवं तेव्हा हातात आणायला बोटांत काय कसब लागतं, हे त्या मापं तपासणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याला लांबी कळत होती. बोटं कळत नव्हती.

आवाज ऐकून सूनबाई बाहेर आली. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला सासरा, मध्ये मी. तिने मला पाहिलं आणि तिला सगळं समजलं. पण तिने शपथ घेतली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "पान आखूड असून भागत नाही. ते हाताला लागावं लागतं. घ्या, तुम्हीच काढून दाखवा. डोळे मिटून."

अप्पांनी मला कॅटमध्ये घातलं, पिसलं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. त्यांनी चौकटची राणी काढली. पुन्हा केलं, इस्पिक दुर्री निघाली. मला हसू आलं.

"मला सवय नाही," अप्पा चिडून म्हणाले. "ज्यांना आहे, त्यांनी काढावं की. कर नाही त्याला डर कशाला?"

"नको," काका म्हणाले.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "मी काही सांगत नाहीये. तुम्ही फक्त डोळे मिटा आणि सत्ती काढा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले. कॅट हातात घेतला. तो अंगठा माझ्याकडे येताना मी जिवाच्या आकांताने वाट पाहत होते. टक् झालं. अंगठा पुढे गेला. पुन्हा टक्, पुन्हा पुढे.

"सोंग," अप्पा म्हणाले. "मुद्दाम चुकताय. थांबा, डोळे उघडू नका. पत्ते पुन्हा पिसून देतो." त्यांनी कॅट काढून घेतला. काका डोळे मिटून, हात पुढे पसरून बसून राहिले. अप्पा पिसायला लागले आणि मध्येच थांबले. दुकानदाराला न सांगता तराजूवर आपलं खात्रीचं वजन ठेवून बघायचं, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी कॅट बाजूला ठेवला. पट्टी उचलली. तिचा टोकदार कोपरा काकांच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला. मग आणखी दाबला. अंगठ्याच्या मांसात खळगा पडला.

काकांचे डोळे मिटलेलेच होते. ते शांतपणे म्हणाले, "व्याही, द्या ना कॅट. पिसून झालं नाही का अजून?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. अप्पांनी पट्टी उचलली. त्यांनी काकांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "किती दिवस झाले?"

काकांनी डोळे उघडले. अंगठ्यावरचा खळगा पाहिला. तरीही त्यांना काय झालं ते समजायला क्षणभर वेळ लागला.

"आणि या हाताने तुम्ही कापायचं मशीन चालवता?" अप्पा आता ओरडले. "मी तुम्हाला चोर म्हणालो, ते मागे घेतो. मूर्ख मात्र म्हणणार!"

त्या एका वाक्यापुरतं माझं आणि अप्पांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी अप्पा काकांबरोबर आधी डॉक्टरकडे आणि मग छापखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, उपचार करू, जाणीव परत येईलही, पण बोटांना रोज काम द्या, काहीतरी चाचपत राहा. छापखान्याच्या मालकांनी काकांना मशीनवरून काढलं, पण घरी नाही पाठवलं. पुस्तकाची पानं क्रमाने लागली आहेत की नाहीत, हे बघण्याचं काम दिलं. काका काही दिवस घरात तोंड पाडून बसायचे. एवढ्या वर्षांचा कारागीर आणि आता नुसता बघ्या! मलाही त्याचा संताप आला. पण दहा बोटं शाबूत घेऊन संध्याकाळी घरी येणारा बघ्या मला चालतो.

अप्पांनी मात्र माझ्याशी कधी समेट केला नाही. माफी मागायला आले ते नवा कोरा कॅट घेऊन. म्हणाले, "ते पान टाकून द्या आता. गुपित फुटलं, उपयोग काय?" ऐकलंत? सगळं घडवून आणलं यांनी आणि टाकायचं मला! सूनबाईनेही दवाखान्यासाठी नवं पान तयार केलं. इस्पिक नव्वी. काकांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या हाताने कापलेली. अंगात अजून रंगाचा वास आणि तोरा राणीचा. मी पुन्हा खणात बटणांच्या शेजारी.

मग एक दिवस सूनबाईने मला बाहेर काढलं. काका रोज सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॅट घेऊन बसायचे, साध्या पानांवरून अंगठा फिरवत राहायचे आणि शेवटी कंटाळून ठेवून द्यायचे. चाचपायला काही सापडलंच नाही, तर माणूस किती दिवस चाचपेल? काका अंघोळीला गेलेले बघून तिने मला टेबलावर ठेवलं. ब्लेड घेतलं. शेजारी अप्पा बसले होते. त्यांनी खिशातून तीच पट्टी काढली आणि माझ्या अंगावर आडवी धरली. मला वाटलं, आता पुन्हा मोजणार.

"कितीशी कापू?" सूनबाईने विचारलं.

अप्पांनी पट्टी थोडी मागे सरकवली. मग आणखी थोडी. "एवढी," ते म्हणाले. "कमी राहिली तर चालेल. त्यांना लागली पाहिजे."

ज्या माणसाने आयुष्यभर आखूड मापं जप्त केली, तो मला आखूड करायला सांगत होता. आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही! मला दुसऱ्यांदा कापलं. आता केसभर नव्हे, चांगली नखाएवढी. जादूच्या दृष्टीने मी बाद झाले. दहा हातांवरूनही आता कुणीही ओळखेल. सूनबाईने कानस घेतली आणि माझे कोपरे घासत बसली. मी धुमसत होते.

काका अंघोळ करून आले, टेबलाशी बसले. सूनबाईने कॅट त्यांच्या हातात दिला. अप्पा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघत राहिले. काकांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पानं फर्रर्र सुटत आली. टक्.

अंगठा थांबला.

काकांनी पुन्हा फिरवला. पुन्हा थांबला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला बाहेर काढलं. बाइंडरच्या नजरेपासून नव्याने कापलेली कड लपत नाही. त्यांनी मला उजेडात धरलं, कडेकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, अप्पांच्या पाठीकडे पाहिलं.

"कोपरे छान गोल झालेत, पोरी," काका म्हणाले, आणि मला परत कॅटमध्ये घातलं.

म्हणून मित्रांनो, मला 'खोटं पान' म्हणू नका. 'बाद पान' तर मुळीच म्हणू नका. आणि तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणी रोजच्या कामात अचानक चुकायला लागला, तर लगेच पट्टी काढू नका. आधी त्याचा हात हातात घेऊन बघा. तुमचंच बोट बधिर झालं, तर ते खिशात लपवू नका. लपवलेलं दुखणं पात्याखाली जातं, हे मी पात्याखाली जाऊन आलेली सांगते आहे. आणि कुणाला जादू शिकायचीच असेल, तर पान कापायच्या आधी अंगठा तयार करा.

डॉक्टर म्हणतात, हळूहळू केसभर फटही काकांना लागायला लागेल. मग माझं हे कामही संपेल आणि मला पुन्हा खणात टाकतील. टाका! मी तिथूनही भांडेन. पण आता मला जाऊ द्या. चहा ठेवलाय, काका टेबलाशी येतील, आणि त्यांचा अंगठा आला की मला जागेवर असायला हवं.